डीपीकेजी साहेबांना सीमाभागातून खुले निवेदन

प्रति,
मा. डीपीकेजी साहेब,
मुख्य नोंदवही अधिकारी, डेबियन व उबुंटू

विषय : पॅकेज बसले, फायली मात्र सापडत नाहीत, याबाबत.

महोदय,

आम्ही बेळगाव, निपाणी, खानापूर या पट्ट्यातली माणसे. निवेदन लिहायला आमचा हात बसलेला आहे. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हापासून आम्ही निवेदने देतो आहोत. सीमावादासाठी महाजन आयोग आला तेव्हा दिली, 1967 ला त्याचा अहवाल आला तेव्हा पुन्हा दिली. महाराष्ट्राने 2004 साली दाखल केलेल्या दाव्याची फाईल सर्वोच्च न्यायालयात आहे. ती गहाळ झालेली नाही, नुसती पुढे सरकत नाही. तेव्हा फायलींच्या विषयावर चार शब्द बोलायचा आमचा हक्क आपण मान्य करालच.

तक्रार अशी. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावातच असल्याने लिनक्सशी झटणारी पोरे इथे कमी नाहीत. पोरगा आपल्या हातून पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅमचा गठ्ठा, बसवतो. आपण पडद्यावर भराभरा ओळी काढता आणि कामावर पडदा टाकता. आपल्या 'स्टेटस' नावाच्या वहीत शेरा पडतो, 'इन्स्टॉल ओके इन्स्टॉल्ड'. तीन शब्द, तिन्ही होकाराचे. आणि प्रोग्रॅम चालवला की उत्तर येते, अशी फाईल किंवा डिरेक्टरी नाही. मग निपाणीचा पोरगा म्हणतो, "हाय म्हणतंय, पण दिसंना की!" वहीत 'पावले' असा शेरा आणि हातात काही नाही, हा अनुभव आम्हाला तलाठी कचेरीपासून आहे. संगणकात तरी तो नसेल असे वाटले होते.

आता आरोप एकेक मांडतो.

आरोप पहिला, मालाची फोड. पोराने पायथन बसवले, सी भाषेतला एक प्रोग्रॅम जोडायला घेतला, तर 'पायथन.एच' नाही. चौकशीअंती कळले की ती फाईल 'पायथन3-डेव्ह' हा दुसराच गठ्ठा मागवल्यावर येते. चालवणाऱ्याचा माल वेगळा, बांधणाऱ्याचा वेगळा, वाचणाऱ्याचा 'डॉक'मध्ये. देवनागरी फॉन्टसाठी 'फॉन्ट्स-देवा' मागवले, तर त्याच्या पोटात फॉन्ट म्हणून एकही नाही. ते पॅकेज म्हणजे नुसती यादी, खरे फॉन्ट लोहित, गार्गी, नकुल, सहदेव या पॅकेजांत.

आरोप दुसरा, अर्धवट मराठी. 'लोकेल्स' पॅकेज बसले तरी मराठीचा लोकेल, म्हणजे भाषा व देशाची मांडणी, तयार नसतो. 'लोकेल.जेन' फाईलमध्ये 'एमआर_आयएन'च्या ओळीपुढची हॅशची खूण काढून 'लोकेल-जेन' चालवावे तेव्हा तो जन्माला येतो. त्यातही तो जागेवर तयार झालेला असल्याने आपल्या वहीत त्याची नोंद नसते, म्हणजे आहे पण विचारले तर नाही. एका गोष्टीबद्दल मात्र आभार. 'एमआर_आयएन' आणि शेजारच्या 'केएन_आयएन' या दोन्ही नावांत भाषा आहे, देश आहे, राज्याचा रकानाच नाही. सीमाभागाला इतका सोयीचा अर्ज आजवर कुणी छापला नव्हता.

आरोप तिसरा, नामांतर. 1 जानेवारी 2001 ला कलकत्त्याचे कोलकाता झाले. काळपट्ट्यांच्या (टाइमझोनच्या) संग्रहात 'एशिया/कलकत्ता' हे जुने नाव पुष्कळ वर्षे नव्या नावाच्या सोबतीने नांदले. उबुंटू 24.04 आणि डेबियन 13 मध्ये आपल्या लोकांनी असली जुनी नावे 'टीझेडडेटा-लेगसी' या वेगळ्या पॅकेजात नेऊन ठेवली. विंडोजवर चालणारा जावा प्रोग्रॅम मात्र आपला काळपट्टा अजूनही 'एशिया/कलकत्ता' असाच सांगतो, आणि नव्या डेबियनवरचा पोस्टग्रेस डेटाबेस त्याला दारातूनच परत पाठवतो. भारतातल्या कितीतरी प्रोग्रॅमरांनी यापायी रात्र जागवली. आमच्या बेळगावचे 1 नोव्हेंबर 2014 ला कागदोपत्री बेळगावी झाले, तरी जुन्या नावाने टाकलेले पत्र इथे पोचते. टपाल खात्याला जे जमते ते आपल्याला जमू नये?

आरोप चौथा, आणि हा सर्वांत गंभीर. पोरगा वैतागतो, पॅकेज काढतो, 'ईटीसी' डिरेक्टरीमधली त्याची सेटिंगची फाईल हाताने पुसतो आणि पॅकेज पुन्हा बसवतो. फाईल येत नाही. पुन्हा बसवतो. येत नाही. कारण आपला नियम असा की सेटिंगची फाईल मालकाने स्वतः पुसली असेल तर ती त्याला नकोच असणार, तेव्हा लादायची नाही. नागरिकाच्या इच्छेला इतका मान देणारे कार्यालय आम्ही पाहिलेले नसल्याने आम्हाला तो अपमान वाटला. फाईल खरोखर परत हवी असेल तर 'फोर्स-कॉन्फमिस' असे बजावून सांगावे लागते, किंवा आधी पॅकेज 'पर्ज' करून नोंदच मिटवावी लागते.

आरोप पाचवा थोडक्यात. डॉकरच्या लहान प्रतिमांत जागा वाचवण्यासाठी मदतीची पाने आणि दस्तऐवज वगळण्याचा हुकूम आपल्या सेटिंगमध्येच लिहिलेला असतो. पाने डिस्कवर उतरत नाहीत, तरी वहीत त्यांची नावे असतात. अडल्यावर मदत वाचा म्हणायचे आणि मदतच गाळायची!

इथवर लिहून आम्ही नेहमीप्रमाणे मोर्चाची तारीख ठरवणार होतो. पण आरोपपत्र पक्के करायला आपल्या दप्तरात शिरलो आणि पंचाईत झाली. आपले दप्तर उघडे निघाले. आमच्याकडे मराठीतून कागद मिळावा म्हणून वर्षानुवर्षे मोर्चे निघतात. आपल्याकडे अर्ज नाही, शुल्क नाही, 'साहेब जेवायला गेलेत' नाही. विचारणाऱ्याचे राज्य कोणते, हेही कुणी विचारत नाही. शिवाय आपण खोटेही बोलला नव्हता. 'बसले' म्हणजे गठ्ठा उघडून त्यातला माल नेमल्या जागी ठेवला, एवढेच आपण सांगता. मागाहून कुणी काय पुसले, कोणता गठ्ठा मागवायचाच राहिला, हे त्या शेऱ्यात येत नाही. ते वेगळे विचारावे लागते, आणि आम्ही कधी विचारलेच नव्हते.

म्हणून आरोप मागे घेऊन हे निवेदन आता पोरांच्या हाती देतो. बाळांनो, फाईल सापडेना तर चार प्रश्न विचारा, याच क्रमाने. डीपीकेजीला कॅपिटल एल जोडून पॅकेजचे नाव द्या, या पॅकेजाने कोणत्या फायली कुठे ठेवल्या ते दिसेल. यादीत तुमची फाईल नसेल तर ती हरवलेली नाही, ती या गठ्ठ्यात नव्हतीच. मग 'एपीटी-फाईल' बसवा, त्याची सूची ताजी करा आणि फाईलचे नाव शोधा, न बसवलेल्या पॅकेजांतही ती कुठे आहे ते सांगेल. यादीत आहे पण डिस्कवर नाही, असे असेल तर कॅपिटल व्ही लावून पडताळणी करा, गायब फायलींपुढे 'मिसिंग' असा शेरा येईल. आणि डिस्कवर फाईल आहे पण कुणाची ते कळत नाही, तर कॅपिटल एस लावून मालक विचारा. फेडोरावाल्यांनी यातले बसलेल्या पॅकेजांविषयीचे प्रश्न आरपीएमला विचारावेत, तोही सांगतो.

आमच्या भागात आजही पहिला सल्ला मिळतो तो 'फॉरमॅट मार' असा. तो देणाऱ्याला दुकानात बसवून चहा पाजा, पण संगणकाला हात लावू देऊ नका. फॉरमॅटने सापडत नसलेली फाईल सापडत नाही, सापडत होत्या त्याही जातात. आधी वही वाचा, मग जागा पाहा, आणि पुन्हा बसवायचे ते सगळ्यात शेवटी.

कळावे,
सीमाभागातील समस्त लिनक्स वापरकर्त्यांच्या वतीने,
एक निवेदनकर्ता