आवाज करून दाखवा

गाडीच्या मागच्या चाकातून आवाज यायला लागला की मालकाच्या अंगी नकलेचं कसब आहे, असं सगळे धरून चालतात. गॅरेजवाला दाराला टेकून विचारतो, "कसा आवाज येतोय साहेब? करून दाखवा." मग निवृत्तीला आलेल्या माणसाने भर रस्त्यात, हातात पाने घेऊन उभ्या असलेल्या पोरांसमोर "घूंऽऽ" करायचं. "घूं की घर्र?" तो खोलात शिरतो. "घूंच. पण स्पीड वाढला की वर चढतो." "वर म्हणजे?" वर म्हणजे पट्टी वर, पण सांगून भागत नाही, तेही करून दाखवावं लागतं. सगळं शांतपणे ऐकून घेतल्यावर तो निदान करतो, "सायलेन्सर असेल." सायलेन्सर मागेच असतो, एवढं त्यातलं सत्य.

तुम्हीच बसून ऐका म्हटलं, तर नवी पंचाईत. आवाज सुरू होतो ताशी पन्नासच्या पुढे आणि गॅरेज आहे सिंहगड रोडवरच्या आतल्या गल्लीत. तिथे पन्नासचा वेग गाठायचा तर रात्री दोनला यावं लागेल, आणि रात्री दोनला गॅरेज बंद असतं. तो बिचारा इमानदारीत कोपऱ्यापर्यंत वीसच्या वेगाने जाऊन येतो, काचा वर, एसी चालू, आणि जाहीर करतो, "मला तर काहीच ऐकू येत नाही." पन्नासने चालवा म्हटलं, तर तो एवढंच विचारतो, "कुठं?" याला माझ्याकडे उत्तर नाही. महापालिकेकडेही नसावं.

वाटेत गतिरोधक आहेतच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गोलसर गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असावा, म्हणजे पंचविसाच्या वेगाने गाडी त्यावरून सुखाने जाते. आमच्या गल्लीतले गतिरोधक उंचीला उदार आणि रुंदीला काटकसरी आहेत. माझा संशय चाकातल्या बेअरिंगवर होता, आणि बेअरिंग कशाने जातं हे शोधायला त्यामुळे लांब जावं लागत नाही. उरलेलं काम जुलैत तुंबलेलं पाणी करतं. सील थकलेलं असलं की पाणी आत जातं आणि ग्रीसची वाट लागते.

पण तक्रार रस्त्याबद्दल नाही, रस्त्याची सवय झाली आहे. तक्रार तज्ज्ञांबद्दल आहे. ज्याच्याकडे जाल, त्याच्या दुकानात जे मिळतं त्याचाच आवाज येत असतो. टायरवाल्याला टायर खराब दिसतात, चारही. ब्रेकवाल्याला लायनर घासताना ऐकू येतात. अलाइनमेंटवाला गाडी चढवतो, चाकांना आरसे लावतो आणि एक रंगीत कागद छापून देतो. माझ्या कागदात पुढची दोन्ही चाकं हिरवी होती आणि मागचं एक लाल. मी आशेने म्हटलं, "मग मागचं करा की." तो म्हणाला, "मागचं ॲडजस्ट होत नाही, या गाडीला ॲक्सल फिक्स असतो." म्हणजे जे सरळ होतं ते सरळ असल्याचे पैसे घेतले आणि जे वाकडं होतं ते वाकडंच राहतं हे फुकट सांगितलं. सोसायटीतले जोशीकाका गाडीजवळ न येता, गॅलरीतूनच "सस्पेन्शन!" म्हणाले. बायको म्हणाली, "गाणी लाव ना." आतापर्यंतच्या उपायांत हा सर्वांत स्वस्त, आणि खरं सांगायचं तर सर्वांत परिणामकारक.

वाईट याचं वाटतं, की खरी तपासणी अगदी साधी आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. बहुधा म्हणूनच ती कुणी करत नाही. मोकळ्या रस्त्यावर वेग धरून गिअर न्यूट्रलला टाकायचा. इंजिनाचा सूर खाली आला तरी घूं तसंच राहिलं, तर इंजिन सुटलं. (हा प्रयोग नवले पुलाच्या उतारावर करू नये. तिथे तो करणारे ट्रकवाले पुरेसे आहेत.) मग लांब वळण घ्यायचं. गाडी डावीकडे वळली की भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर संशयित उजवीकडचा. टायरवरून तळहात फिरवायचा, लाटा लागल्या तर टायरही गाऊ शकतो, म्हणून मागची चाकं पुढे आणि पुढची मागे. आवाज चाकांबरोबर पुढे गेला तर टायर, मागेच राहिला तर बेअरिंग. शेवटी पुढच्या चाकांना दगड लावून, हँडब्रेक सोडून, मागे जॅक लावायचा, चाक वरखाली धरून हलवून पाहायचं, हाताने फिरवायचं आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवायचा. गेलेलं बेअरिंग स्प्रिंगमधून बोटांना खरखर लागतं. मी हे पार्किंगमध्ये करत असताना येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने विचारलं, "पंक्चर का?"

चाकाच्या आसात गोळ्या घालून घर्षण कमी करण्याचं पेटंट वेल्समधल्या फिलिप वॉनने १७९४ साली घेतलं. म्हणजे पेशवाई चालू असताना हा प्रश्न निकालात निघाला होता. चिंचवडला बेअरिंगचा कारखाना आहे. मी निदान लिहूनच नेलं, "मागचं उजवं बेअरिंग", तरीही सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डावर उतरलं, "कस्टमर सेज नॉइज".

बेअरिंग ड्रममध्ये बसवायचं असतं प्रेसने, बाहेरच्या कड्यावर दाब देऊन. आतल्या कड्यावर हातोडा पडला तर तो धक्का गोळ्यांमधून जातो, त्यांच्या वाटेवर खळगे पडतात आणि नवं कोरं बेअरिंग जुन्याच्या चालीत गाऊ लागतं. मी हे नम्रपणे विचारलं. "प्रेस आहे ना आमच्याकडे," सल्लागार म्हणाला. होता. त्यावर डबे ठेवले होते. मी तिथेच खुर्ची टाकून बसलो, तेव्हा डबे हलले. त्या दुपारी मला "सर, लाउंजमध्ये बसा ना, कॉफी आहे" असं इतक्यांदा सांगितलं गेलं, की एवढं अगत्य लग्नातही झालं नव्हतं.

आवाज गेला. संध्याकाळी फोन आला. सल्लागाराने आधीच बजावलं होतं, "सर, दहापैकी दहाच द्या, नऊ दिले तरी आमचे कापतात." फोनवरच्या मुलीने विचारलं, स्टाफ हसतमुख होता का, कॉफी मिळाली का, गाडी वेळेत मिळाली का, वॉशिंग कसं झालं. मी म्हटलं, "वॉशिंग सांगितलंच नव्हतं." ती म्हणाली, "ते कॉम्प्लिमेंटरी आहे सर, पण रेटिंग द्यावं लागेल." आवाजाबद्दल तिच्या यादीत प्रश्न नव्हता. मी होऊन सांगितलं, की आवाज गेला. ती म्हणाली, "सॉरी सर, कसला आवाज?"