टोपलीतला प्रेषित

आमच्या मंडळीत कुणाचा पाय मोडला, की घरी आधी डबा येतो, मग प्रार्थना येते आणि तिच्यामागोमाग स्पष्टीकरण. डब्याबद्दल माझी तक्रार नाही. खिम्याचा असेल तर मुळीच नाही. प्रार्थना जरा लांबते, मधेच पाळकसाहेबांना पलीकडच्या गल्लीतले आजारीही आठवतात, तोवर भात गार होतो, पण तेही चालून जातं. जड जातं ते स्पष्टीकरण. "यात देवाची काहीतरी योजना असणार," असं सांगणारा हटकून दोन जिने स्वतःच्या पायांनी चढून आलेला असतो.

ही परंपरा जुनी आहे. बायबलातल्या ईयोबाची गुरंढोरं गेली, मुलं गेली, अंगभर गळवं उठली, तेव्हा त्याचे तीन मित्र समाचाराला आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कुणी चकार शब्द काढला नाही. समाचाराला जाणाऱ्यांनी शास्त्रातलं एवढंच पाठ केलं तरी पुरे. पण पुढे त्यांना राहवलं नाही. ईयोबानं आपलं दुःख बोलून दाखवताच ते सुरू झाले, आणि मग अध्यायामागून अध्याय त्याला पटवत राहिले, की बाबा, तुझंच काहीतरी चुकलं असणार. मला गंमत वाटते ती निकालाची. कुरकुर केली ईयोबानं, देवाशी सरळ भांडला तोच. पण शेवटी देव रागावला तो देवाची बाजू मांडणाऱ्या मित्रांवर. वकीलपत्र हाती नसताना वकिली केली की असं होतं.

त्यामुळे संकटातही आनंद करा असं कुणी सांगायला लागलं, की मी आधी त्याच्या पाठीवर वळ आहेत का ते बघतो. प्रेषित पौलाच्या पाठीवर होते. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्यानं स्वतःच जंत्री दिली आहे: ३९ फटके पाच वेळा, छड्यांचा मार तीनदा, दगडमार एकदा, जहाज फुटलं तीनदा. शिवाय नद्या, चोर, उपास, थंडी, आणि मंडळ्यांची रोजची काळजी. (मंडळीच्या कमिटीवर काम केलेल्या कुणालाही ही शेवटची बाब दगडमाराच्या शेजारी बसवायला हरकत वाटणार नाही.) इतकं झाल्यावर दुसऱ्या कुणी शेवटी एखादा घसघशीत पराक्रम सांगितला असता. पौल काय सांगतो? दिमिष्कात त्याला धरायला शहरावर पहारा बसला होता, तेव्हा त्याला टोपलीत घालून तटाच्या खिडकीतून खाली सोडण्यात आलं. एवढा मोठा प्रेषित टोपलीत बसून हेलकावे खात उतरतोय, हे दृश्य चव्हाट्यावर आणायला त्याला दुसऱ्या कुणाची गरज पडली नाही. त्यानं आपणहून लिहून पाठवलं. स्वतःकडे असं बघता येणाऱ्या माणसाच्या तोंडी मला आनंदाचा उपदेश चालतो.

फिलिप्पैची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. पौल आणि त्याचा सोबती सीला यांना भर गावात छड्या मारल्या, आतल्या तुरुंगात टाकलं, पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्री दोघं गीतं गाऊ लागले. बाकीचे कैदी ऐकत होते, असं प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलं आहे. त्यांना ते आवडत होतं की नाही, हे त्या पुस्तकाच्या लेखकानं, लूकनं, लिहिलेलं नाही. त्या रात्रीची अखेर तुरुंगाधिकाऱ्याच्या घरी झाली. त्यानं दोघांच्या जखमा धुतल्या आणि त्यांना जेवायला वाढलं. पुढे काही वर्षांनी पौलानं ज्या पत्रात जागोजाग आनंदाची गोष्ट काढली, ते पत्रही कैदेतूनच लिहिलेलं, आणि कुणाला, तर फिलिप्पैकरांना. जिथे मार खाल्ला, त्याच गावच्या पत्त्यावर.

आणि तरी पौलाचा आनंद नुसता बसून राहिलेला मला कुठे सापडत नाही. रोमला कैदी म्हणून जाताना जहाज वादळात सापडलं. जहाजावर २७६ माणसं, चौदा दिवस कुणाच्या पोटात धड अन्न नाही. त्यानं सगळ्यांना सांगितलं, आधी काहीतरी खाऊन घ्या. भाकर घेतली, देवाचे आभार मानले आणि स्वतः खायला लागला, तेव्हा बाकीच्यांना धीर आला. जहाज माल्टाच्या किनाऱ्यावर फुटलं. पाऊस, गारठा, तिथल्या लोकांनी शेकोटी पेटवली. रोमन साम्राज्यभर गाजणार असलेला हा माणूस त्या वेळी काय करत होता, तर काटक्या गोळा करत होता. त्यातून साप निघून हाताला डसला. त्यानं तो विस्तवात झटकला. लोक हा आता सुजेल, मग पडेल, म्हणून बघत राहिले; बराच वेळ झाला तरी काहीच होईना, तेव्हा त्यांनी त्याला देव ठरवून टाकलं. माणसाला मधली जागा द्यायला लोक तेव्हाही तयार नसत.

थंडीही त्याला वाजायचीच. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात तो त्रोवसात राहिलेला झगा आणि पुस्तकं आठवणीनं मागवतो आणि हिवाळ्याच्या आत ये म्हणतो. विश्वास असला म्हणून झग्याची गरज संपते, असं त्यानं कुठे म्हटलेलं नाही.

मराठीत या वंशात बसणारी बाई म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि कर्मठ घरात वाढलेली ही बाई नवरा असून एकटी झाली. काही वर्षं वेगळी राहिली, रडली, कविता केल्या, मग त्यांच्याकडे परतली, आणि पुढे १९०० साली स्वतःच्या मनानं ख्रिस्ती झाली. हे सगळं तिच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आहे, आणि तरीही ते पुस्तक बसमध्ये वाचायची सोय नाही. एकट्यानं हसणाऱ्याकडे लोक बघतात. टिळक हाताचे इतके सढळ, की घरात पैसा आला काय आणि पाऊस आला काय, दोन्ही वाहून जायचे. त्या भांडायच्या, आणि आलेल्या माणसाचं पान मांडायच्या. कुणाचं पोर घरी राहायला आलं की तेही आपलंच. त्यांच्या श्रद्धेला प्रवचनाचा सूर लागलाच तर पुढच्या वाक्यात त्या स्वतःचीच फजिती सांगून मोकळ्या होतात.

१९१९ साली टिळक गेले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचं महाकाव्य अर्धवट राहिलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या विधवेनं ते हाती घेतलं आणि पूर्ण केलं. अर्धवट हा शब्द आपण आदरापोटी वापरतो. टिळकांचे अध्याय दहा-अकरा, लक्ष्मीबाईंचे साठांहून अधिक. संसारात टिळकांनी सढळ हातानं सुरुवात करून द्यायची आणि मेळ लक्ष्मीबाईंनी घालायचा, अशीच वहिवाट होती. महाकाव्यातही दोघांनी ती मोडली नाही.