अथाल ते अंधेरी : होतकरू नटांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

नट व्हायचंय हे घरी सांगू नये. 'मुंबईला इंटरव्ह्यू आहे' एवढंच सांगावं. ही तुमची पहिली भूमिका. ती आईसमोर निभावलीत, तर पुढे कुठल्याही कॅमेऱ्यापुढे पाय लटपटणार नाहीत.

तरीही बातमी फुटतेच. मग संध्याकाळी मामा येतात आणि चहाची बशी तोंडाला लावत विचारतात, "आपल्या खानदानात कोणी तोंडाला रंग फासलाय का?" याचं उत्तर आधीच पाठ असू द्यावं : "मामा, सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटलं २ ऑगस्ट १९५४ ला. त्या लढ्यात उतरलेल्यांत संगीतकार सुधीर फडके होते, आणि लढ्याला पैसा उभा राहावा म्हणून लता मंगेशकर पुण्यात गायल्या होत्या. आपण इथे, सिल्वासाशेजारच्या अथालात, निवांत बसलोय ते थोडंफार त्या गाण्याच्या तिकिटांवर." मामा गप्प होतील. फार वेळ नाही, पण तेवढ्यात बॅग भरून होते.

पुढच्या वेळी मामा तयारीनिशी येतात. "श्रीराम लागू आधी डॉक्टर झाले, मग नट!" खरंच आहे. कान-नाक-घशाचे सर्जन असलेल्या लागूंनी १९६९ साली, चाळिशी उलटल्यावर, पूर्णवेळ रंगभूमी धरली. तुमच्याकडे सोडायला डॉक्टरकी नाही, यार्न कंपनीतली ठेकेदाराकडची नोकरी आहे. तीही सोडू नका. निळू फुले माळीकाम करत होते, अशोक सराफ स्टेट बँकेत होते, प्रशांत दामले बेस्टमध्ये. मराठी नटाच्या हाती हजेरीपट असणं ही आपली जुनी परंपरा आहे. नाइट शिफ्ट मागून घ्यावी, म्हणजे दिवस ऑडिशनला मोकळा राहतो. झोपेचं काय, हा प्रश्न नवशिक्यांनी विचारू नये.

आता सेल्फ टेप. हल्ली मुंबईला जाण्याआधी आपला व्हिडिओ जातो. साहित्य : एक मोबाइल, तो टेकवायला लोणच्याची बरणी, एक कोरी भिंत आणि एक धाकटा भाऊ. कोरी भिंत मिळत नाही. एकीवर कॅलेंडर, दुसरीवर देव, तिसरीला खिडकी, चौथीला कपाट. देवांची परवानगी घेऊन त्यांच्यावर चादर लावावी. फुलाफुलांची नको, नाहीतर बघणारा फुलंच मोजत बसतो. भावाने कॅमेऱ्यामागे उभं राहून नायिकेची वाक्यं वाचायची असतात. "तू मला सोडून जाणार नाहीस ना रे" हे तो विजेचं बिल वाचल्यासारखं वाचतो आणि वर हसतो. त्याला रागावू नका. समोरून काहीही येत नसताना डोळ्यांत पाणी आणणं यालाच धंद्यात कसब म्हणतात, आणि पुढे क्लोजअपला तुमचा क्यू असिस्टंट डायरेक्टर असाच वाचणार आहे. सातव्या टेकला सगळं जमून येतं तेव्हा शेजारच्या कुकरची शिट्टी होते. तोच टेक पाठवा. आठवा बरा येत नाही.

प्रत्यक्ष बोलावणं आलं, तर नरोलीमार्गे भिलाड स्टेशन गाठावं. डहाणूपर्यंत पोहोचलात की तिथून मुंबईची लोकल असते. अंधेरीतल्या वर्सोव्याच्या आरामनगरात उतरल्यावर कुणाला पत्ता विचारायची गरज नाही; बंगल्यांबाहेर एकाच उंचीची, एकसारखी दाढी राखलेली दहा-पंधरा पोरं उभी दिसली की तीच रांग. आत गेल्यावर नाव, वय, उंची सांगायची, डावी बाजू दाखवायची, उजवी दाखवायची, तळहात-मळहात दाखवायचे. मग प्रश्न येतो : "सिल्वासा? म्हणजे गुजराती का?" भूमिका कोणत्या भाषेतली आहे ते पाहून उत्तर द्यावं. आपल्याकडे चार भाषा एका रिक्षात बसतात, आणि ही खरी मिळकत आहे. मुंबईची गुजराती रंगभूमी व्यावसायिक आहे, तिथेही दार वाजवता येतं. मराठी मालिकांत मात्र 'गावाकडचा मुलगा' म्हणजे सातारा-कोल्हापूरकडचा असं गृहीत असतं. त्यांचा नकाशा पालघरच्या अलीकडेच संपतो. सातारी-कोल्हापुरी हेल शिकून घ्या, भांडू नका.

"नॉट फिट" हे दोन शब्द ऐकू येतील. ते जेवलात का विचारल्यासारखं म्हणतात, तसंच घ्यावं. पण बाहेर एखादा भला माणूस खांद्यावर हात टाकून "आर्टिस्ट कार्ड काढून देतो, एवढे भरा, रोल पक्का" म्हणाला, तर त्याला नीट न्याहाळा. आवाजातली माया, डोळ्यांतला विश्वास, मधला थांबा. त्या रस्त्यावरचा सर्वांत मुरलेला नट तोच. त्याच्याकडून शिकावं आणि पाकीट शर्टाच्या आतल्या खिशात ठेवावं. काम देणारा काम देण्यासाठी पैसे घेत नाही.

भूमिका मागताना छोटीच मागावी. आपल्यापासून तासाभरावरच्या उंबरगावात रामानंद सागरांनी 'रामायण' चित्रित केलं. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी रस्ते ओस पडत ते हेच. अरविंद त्रिवेदी सांगत, की ते केवटाच्या भूमिकेसाठी गेले होते. भेटून परत निघाले, आणि त्यांची चाल पाहून सागरांना रावण सापडला. तेव्हा खोलीतून बाहेर पडतानाही नीट चाला. बहुतेक जण दाराशी पोहोचेपर्यंत खांदे पाडतात.

आता शिक्षण. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे, पुण्यात ललित कला केंद्र आहे. प्रवेश मिळाला तर डोळे मिटून जा. नाही मिळाला, तर आपल्या भागातला भवाडा किंवा मोखाडा-जव्हारकडचा बोहाडा एकदा रात्रभर बघा. संबळ वाजतो, सुरणई लागते, आणि जड मुखवटा चढवलेला माणूस मशालीच्या उजेडात येतो. भुवया नाहीत, ओठ नाहीत, नजर दिसत नाही. तरी अंगाच्या नुसत्या हेलकाव्यावरून लांबच्या पोरालाही कळतं, की हा राक्षस आता चिडलाय. चेहऱ्याच्या जोरावर नट व्हायला निघालेल्याने हे पाहावंच. मी तर ऑडिशनआधी सक्तीचं करीन. पुष्कळ ठिकाणी सोंग घराण्यातच चालत येतं, त्यामुळे घराणेशाहीवर रडायची सवयही तिथेच मोडते.

पहिलं काम मिळेल ते हवालदाराचं, लग्नातल्या पाहुण्याचं किंवा प्रेताचं. पैसे नव्वद दिवसांनी येतात, म्हणून परतीचं तिकीट जातानाच काढावं. तिन्हींतलं प्रेत मिळालं तर उत्तम. पाठांतर नाही, हेल नाही, उंची कुणी विचारत नाही, आणि नाइट शिफ्ट करून आलेल्याला याहून सोयीचं काम नाही. फक्त घोरू नका. आणि दुसऱ्या दिवशी त्याच सीनला पुन्हा बोलावलं, तर आदल्या दिवशी कोणत्या कुशीवर मेला होतात ते लक्षात असू द्या.