इतवारीचे दिवाणजी

सराफा बाजारात जा की किराणा ओळीत, नागपूरच्या इतवारीतल्या दुकानाच्या मागच्या अंगाला, जिन्याखालच्या अंधारात एक कॉम्प्युटर असतो आणि त्याच्यापुढे एक दिवाणजी असतात. दोघांपैकी आधी कोण आलं, हे आता शेठजींनाही सांगता येत नाही. कॉम्प्युटरला दसऱ्याचं हळदकुंकू, मॉनिटरच्या डोक्यावर टेकडी गणपतीचा फोटो, कीबोर्डावर प्लॅस्टिकचं कव्हर. त्या कव्हरला एकच भोक, एफ-आठच्या जागी. हिशोबाच्या टॅलीत विक्रीचं बिल त्याच बटणानं फाडायचं असतं.

माऊस पोरासोरांसाठी, असं दिवाणजींचं मत. समोरच्याशी खोबऱ्याचा भाव बोलता बोलता, नजर रस्त्यावर ठेवून, त्यांची बोटं एफ-पाचनं पैसे देतात आणि एफ-सहानं जमा करतात.

दिवाणजींच्या लेखी कॉम्प्युटरचा ऱ्हास फार आधीच सुरू झाला. लाल वहीवरून डॉसच्या काळ्या पडद्यावर आणलं, तेव्हा ते म्हणाले, ‘‘वहीची सर नाही जी याले.’’ एक्सपी आली तेव्हा डॉसची आठवण काढून हळहळले. 8 एप्रिल 2014 ला मायक्रोसॉफ्टनं एक्सपीला वाऱ्यावर सोडलं आणि विंडोज सात दुकानात आली. त्या दिवसापासून एक्सपी देवमाणूस झाली. जानेवारी 2020 मध्ये सातचीही सेवा संपून दहा आली, तेव्हा सातसाठी जीव तुटला. मधल्या आठनं स्टार्टचं बटणच काढून टाकलं होतं, म्हणून तिला त्यांनी उंबऱ्याच्या आतच घेतलं नाही. थोडक्यात, मागच्या खेपेला ज्याला कडाडून विरोध केला, ती दिवाणजींची परंपरा.

मग दहाचीही पाळी आली. मुदत 14 ऑक्टोबर 2025. धनत्रयोदशी चार दिवसांवर, दुकानात पाय ठेवायला जागा नाही आणि सीताबर्डीहून आलेला पोट्टा सांगत होता, ‘‘काकाजी, दहाला आता सुरक्षेचे अपडेट येणार नाहीत.’’

‘‘येत होते तेव्हा ऐन गर्दीत येत होते. नाही आले तं बरंच!’’

‘‘पण या डब्यात अकरा बसत नाही. टीपीएम दोन लागते. आठ वर्षं जुना डबा आहे, आता काढावाच लागते.’’

‘‘काहून? चांगला धडधाकट तं आहे!’’ दिवाणजींनी शेठजींकडे पाहिलं. प्रश्न डब्यापुरता राहिला नव्हता. शेठजी घाईघाईनं गिऱ्हाईकाकडे वळले.

‘‘मग लिनक्स टाकून देतो. फुकट आहे.’’

‘‘इतवारीत फुकटाचं बिल मागून येते, बापू. टॅली चालते का त्याच्यात?’’

‘‘सरळ नाही चालत. जुगाड करावा लागते.’’

सुतळीनं बांधलेल्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरकडे बोट दाखवत दिवाणजी म्हणाले, ‘‘एक जुगाड आहे घरात. दुसरा नको.’’

शेवटी लक्ष्मीपूजनाआधी नवा डबा आला. अकरानं स्टार्टचं बटण मधोमध आणून ठेवलं होतं. ‘‘दुकानाचा गल्ला कोणी मधोमध मांडते का?’’ दिवाणजी कडाडले. पोट्ट्यानं सेटिंगमध्ये जाऊन बटण डावीकडे सरकवलं. ही सोय मायक्रोसॉफ्टनंच ठेवलेली आहे. पण ती आपल्या एका दरडावणीसरशी झाली, असं दिवाणजी आजही चहाच्या टपरीवर सांगतात.

पुढे छोटे शेठ पुण्याहून शिकून परतले आणि म्हणाले, ‘‘दिवाणजी, हिशोब सगळा क्लाउडवर नेऊ. मोबाइलवर दिसेल.’’

‘‘अकरात का कमी आहे जी?’’ दिवाणजींनी विचारलं. ‘‘इतकी सरळ विंडोज आजवर झाली नाही.’’

छोटे शेठ गप्प बसले. क्लाउडला इतवारीत बस्तान बसवायला अजून एखादी दिवाळी जाईल. आणि पुढे क्लाउडही कोणी मोडीत काढायला निघालं, तर त्याच्यासाठी भांडायला सगळ्यात पुढे दिवाणजीच असतील.