कुटुंबनियोजन

‘मे महिन्यात मुलांना घेऊन एकदा राणीच्या बागेत जाऊ या,’ असं वहिनी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ‘आपली माणसं’ या ग्रुपवर लिहून गेली, आणि आमच्या घराण्याची तीन आठवड्यांची शांतता भंगली. पहिल्या तासात सतरा अंगठे आले. अंगठे दाखवायला काही लागत नाही. तारीख विचारली, तेव्हा सगळे ‘टायपिंग’ करू लागले आणि कोणीच काही लिहीना.

तारखेचं गणित असं. रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक, त्यामुळे आम्ही डोंबिवलीकर बाद. शनिवारी दादाच्या जुळ्यांचा स्केटिंगचा क्लास. त्याचे पैसे वर्षाचे आगाऊ भरलेत, त्यामुळे त्या दिवशी आभाळ कोसळलं तरी ती स्केटिंग करणार. सोमवारी ताईचा उपास, म्हणजे तिला चालेल पण तिच्या चिडचिडीला आपण चालणार नाही. मग भावोजींनी तोडगा काढला, ‘बुधवारी जा, गर्दी नसते.’ गर्दी नसते, कारण बुधवारी बाग बंद असते. त्यातही एक पोटनियम आहे: बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद. म्हणजे सुट्टीच्या बुधवारची गर्दी टाळून शहाणा माणूस गुरुवारी जातो आणि फाटकाला हात लावून परत येतो. भावोजी स्वतः येणार नव्हतेच. ‘मी लहानपणी पाहिलीय. हत्तीवर बसून फेरी मारलीय. आता काय काचेतून बघायचंय?’ असं म्हणून ते मार्गदर्शक मंडळात गेले.

शेवटी शुक्रवार ठरला. मी रजा टाकली. रजेच्या अर्जात ‘कौटुंबिक कारण’ लिहिलं, साहेबांनी काळजीच्या सुरात ‘सगळं ठीक ना?’ विचारलं. मी ‘बघू’ म्हणालो. तेव्हा मला तिकिटाचं प्रकरण ठाऊक नव्हतं.

तिकिटाचं खातं दादाकडे. दादा बँकेत आहे, आणि ज्याचा तक्ता होत नाही अशा गोष्टीवर त्याचा विश्वास नाही. २०१७ साली महापालिकेने राणीबागेचं पाच रुपयांचं तिकीट पन्नास केलं आणि मुलांचं दोनाचं पंचवीस. पण जनतेचा कळवळा म्हणून एक सवलत ठेवली: आई, वडील आणि दोन मुलं मिळून शंभर रुपये. लाल त्रिकोण आणि ‘हम दो, हमारे दो’च्या पाट्या रंगवून सरकार थकलं, आणीबाणीत तर भलतंच काही करून बसलं, पण कुटुंब म्हणजे नक्की किती माणसं हे एका तिकीटखिडकीने शंभर रुपयांत ठरवून टाकलं. आई-वडील आणि दोन मुलं. आजी नाही, आत्या नाही, तिसरं तर नाहीच नाही.

आमचा आकडा दहा. मी, बायको, एक मुलगी. दादा, वहिनी, थोरला सोहम आणि जुळी. ताई आणि तिचा मुलगा. (आई येणार नव्हती. ‘माझ्या गुडघ्यांना वाघ दाखवून काय करू,’ म्हणाली.) दादाचा तक्ता रात्री साडेअकराला आला. सुटी तिकिटं काढली तर ३७५. कुटुंबवार काढली तर आमचे १००, दादाचे १०० अधिक जादा मुलाचे २५, ताईचे ७५, एकूण ३००. खाली पिवळ्या रंगात शेरा होता: ‘धाकट्याच्या कुटुंबात एक जागा रिकामी जाते.’

धाकटा म्हणजे मी. लग्नाला बारा वर्षं झाली, ‘दुसरं कधी?’ हा प्रश्न बारशापासून हळदीकुंकवापर्यंत सगळीकडे ऐकून झाला, पण रिकाम्या बर्थच्या भाषेत तो कोणी विचारला नव्हता. दादाचा प्रस्ताव साधा होता. त्याच्याकडे एक मूल जास्त, माझ्याकडे एक कमी. खिडकीपुरतं एक मूल त्याने मला द्यायचं. २७५ मध्ये सगळं घराणं आत. बचत पंचवीस रुपये.

तीन दिवस या पंचवीस रुपयांवर ग्रुप तापला होता. कोणतं मूल द्यायचं? जुळ्यांपैकी एक द्यावं तर एकच चेहरा दोन कुटुंबांत, तोही एकाच रांगेत पाठोपाठ. ‘खिडकीतल्या माणसाला वाटेल आपण त्याला फसवतोय,’ वहिनी म्हणाली. आपण त्याला फसवतच होतो, हे कोणी बोललं नाही. राहिला सोहम. तो वयाने मुलांत बसतो, पण मागच्या दिवाळीपासून त्याला मिसरूड फुटलंय आणि आवाज भावोजींसारखा झालाय. दादाने त्याला वैयक्तिक संदेश पाठवला: ‘खिडकीपाशी बोलायचं नाही. गुडघे किंचित वाकवून उभं राहायचं.’ ताईने विचारलं, ‘आणि माझ्या कुटुंबात जी माणसाची जागा रिकामी जातेय तिचं काय?’ भावोजी ऑनलाइन दिसत होते. त्यांनी अंगठा दाखवला.

खाण्याबद्दल मी विस्ताराने लिहीत नाही, कारण त्यात नियोजन नव्हतं, परंपरा होती. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी, दशम्या. आईने हे सगळं अशा बेताने केलं होतं की वाटेत प्राणी जरी निघाले तरी कमी पडू नये. ठाण्याच्या आत डबे उघडले गेले आणि घाटकोपरपर्यंत घासूनपुसून बंद झाले. साडेनऊ वाजले होते.

भायखळ्याला ‘इंडिकेटरखाली’ भेटायचं ठरलं होतं. दादाची मंडळी बोरिवलीहून दादरला गाडी बदलून येणार होती. भायखळा हे १८५७ सालचं स्थानक, मूळ रूपात आणलेलं, आणि त्या कामाला २०२२ मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळालेला. मुलांना मी ते दगडी बांधकाम दाखवायला लागलो, तेवढ्यात दादा आला आणि म्हणाला, ‘सोहम, तू काकाच्या बाजूला उभा राहा. आतापासून सवय हवी.’

पूर्वेला उतरून दहा मिनिटं चाललं की बाग येते. कागदोपत्री वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पण टॅक्सीवाल्याला कोणी तसं सांगितलं तर तो माणूस मुंबईबाहेरचा. ज्या राणीच्या नावाने १८६२ साली लेडी फ्रिअर यांनी बागेचं उद्घाटन केलं, ती गेली, तिचं साम्राज्य गेलं, तरी बाग राणीचीच.

खिडकीपाशी दहा जण दोन कुटुंबं आणि एक उर्वरित अशी रचना करून उभे राहिलो. सोहमने गुडघे वाकवले. दादाने घसा साफ केला आणि नेमकं त्याच क्षणी आमचं उसनं अपत्य भावोजींच्या आवाजात म्हणालं, ‘काका, पाण्याची बाटली द्या ना.’

दादाचा चेहरा रिझर्व्ह बँकेची तपासणी आल्यासारखा झाला. माझी बायको प्रसंगावधान राखून म्हणाली, ‘बाबांना काका म्हणायची भारी सवय याला.’ खिडकीतल्या माणसाने मान वर केली नाही. ‘दोन फॅमिली, एक मोठा, एक छोटा’ एवढं म्हणून त्याने तिकिटं सरकवली. कोणी काही विचारलंच नाही याचं दादाला इतकं वाईट वाटलं की आत गेल्यावर दहा मिनिटं तो ‘तपासणी हवी, तपासणी हवी’ म्हणत होता.

आत पहिला हत्ती भेटला तो दगडाचा, भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ. हा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली इंग्रजांनी त्याला उचलून विलायतेला न्यायचं ठरवलं, आणि उचलताना तो पडून त्याचे तुकडे झाले. तुकडे इथे आणून ठेवले, ते १९१४ मध्ये जोडले. पन्नास वर्षं! मी हे सांगितल्यावर दादा हत्तीभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, ‘वजनाचा तक्ता केला नसणार.’ सातव्या एडवर्डचा काळा घोडाही याच बागेत उभा आहे. १९६५ साली फोर्टातून हलवला, पण त्या चौकाचं नाव तिथेच राहिलं. जुळ्यांनी त्याला ‘न हलणारा प्राणी’ म्हणून वहीत नोंदवलं. पुढे वाघ दिसला तोही हलत नव्हता, त्यामुळे वर्गीकरणात घोळ झाला. भर उन्हात अकरा वाजता सावलीत पसरलेला तो एकच शहाणा जीव त्या आवारात असावा. त्याला जागं करायला काचेपलीकडून टाळ्या वाजवणारे आम्ही रजा टाकून आलो होतो.

झाडांकडे कोणी पाहिलं नाही. खरं तर ही बाग आधी झाडांची, जनावरं मागाहून आली. गोरखचिंच आहे, कैलासपती आहे, मुंबईत क्वचितच दिसणारी उर्वशी आहे. ही झाडं वाचावीत म्हणून मुंबईतल्या काही चिवट बायकामाणसांनी नूतनीकरणाच्या एका अवाढव्य आराखड्याशी वर्षानुवर्षं भांडण केलंय. त्या सावलीतून आम्ही ‘पेंग्विन कुठे, पेंग्विन कुठे’ करत पळालो.

पेंग्विनची रांग ही मे महिन्यातल्या मुंबईत शंभर रुपयांत मिळणारी उत्तम थंड हवा आहे. सोलहून २०१६ साली आठ पेंग्विन आणले आणि पुढल्या मार्चमध्ये लोकांसाठी दालन उघडलं. तेव्हापासून महापालिकेच्या राजकारणात या मुक्या पक्ष्यांवर जेवढी भाषणं झालीत तेवढी गटारांवर झाली असती, तर पावसाळ्यात हिंदमाता चौक कोरडा राहिला असता. जुळ्यांनी लगेच तक्रार केली, ‘बर्फ कुठेय?’ माझ्या मुलीने शाळेच्या प्रोजेक्टसाठी पेंग्विन केला होता, तिने त्यांना गप्प केलं: हे हंबोल्ट पेंग्विन, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. यांना थंड पाणी लागतं, बर्फ नाही. मग तिने पाठ केलेलं पुढचंही म्हणून टाकलं. जोडीने राहतात. मादी बहुधा दोन अंडी घालते. आई-बाबा पाळीपाळीने उबवतात.

दादा काचेपाशी थबकला. मागचे लोक ‘चला, चला’ म्हणत होते. तो बोटावर मोजत होता. ‘दोन मोठे, दोन लहान,’ तो हळूच म्हणाला. ‘अरे, शंभर रुपयांत बरोब्बर बसतात!’ एवढ्या आदराने त्याने देवळातही काही पाहिलेलं मला आठवत नाही.

बाहेर पडलो, मुलांनी आइस्क्रीम खाल्लं, ताईने भावोजींना फोटो पाठवले. सोहम म्हणाला, मी काकांकडेच येतो राहायला. आला. संध्याकाळी आईने पाय चेपून घेता घेता सगळं ऐकलं आणि विचारलं, ‘म्हणजे पंचवीस रुपयांसाठी नातू बदललात? मी तुम्हा तिघांना नेलं होतं तेव्हा आत्या, मावशी, शेजारची दोन, सगळी घेऊन गेले होते. कोणी विचारलं नाही कोण कोणाचं.’

रात्री साडेअकराला दादाचा हिशेब आला. तिकिटात बचत २५, चोख. खाली पिवळ्या रंगात: सोहमची दोन आइस्क्रीम आणि एक कोल्ड्रिंक, १४० रुपये, धाकट्याकडून येणे. मी विचारलं, का? त्याने उत्तर दिलं, ‘फाटकाच्या आत तो तुझ्या कुटुंबात होता.’

मी पैसे पाठवले. सोहम अजून आमच्याकडेच आहे. आज त्याने मला दाढीचं ब्लेड मागितलं.