हे कोणी केलंय?

गाडीचा डॅशबोर्ड उघडला की आधी धूळ बाहेर पडते आणि पाठोपाठ उघडणाऱ्याच्या तोंडून बाहेर पडतं, "हे कोणी केलंय?" प्लंबर, इलेक्ट्रिशियन, दातांचे डॉक्टर, सगळ्यांचं तेच. आधीच्या माणसाचा उद्धार केल्याशिवाय त्यांचा हात चालत नाही. पण ते निदान कामाचे पैसे घेतात. आमच्या सोसायटीतले आप्पा हा उद्धार विनामूल्य करतात, रविवारी सकाळी पार्किंगमध्ये, स्वतःच्याच गाडीत कमरेपर्यंत शिरून. बाहेरून फक्त लेंगा आणि स्लिपर दिसतात.

पुण्यात दर सोसायटीमागे असा एक तरी आप्पा असतोच. वय साठीच्या पुढे, गाडीचं वय विशीच्या पुढे, नखांत कायमचं ग्रीस आणि मनात एक पक्की श्रद्धा, की गॅरेजवाला नावाचा प्राणी आपल्याला लुटण्यासाठीच जन्माला आला आहे. हे लोक इंजिनिअर असतील असं वाटतं, पण बहुधा नसतात. आमचे आप्पा पिंपरीच्या एका कारखान्यात होते खरे, पण हिशेब खात्यात. उभा जन्म व्हाउचरं तपासली. काचेपलीकडे दिवसभर मशिनं धडधडायची आणि ह्यांना हात लावायची परवानगी नाही. त्या उपासाचं पारणं ते आता मारुती आठशेवर फेडत आहेत.

गाडी 2001 सालची, पांढरी, एसी मॉडेल. तिच्यावर बोलायला लागले की आप्पा कीर्तनकार होतात. पूर्वरंगात 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. उत्तररंगात डिसेंबर 1983, इंदिरा गांधींनी पहिल्या गिऱ्हाइकाच्या हातात दिलेली किल्ली आणि मग जानेवारी 2014, शेवटची आठशे कारखान्यातून बाहेर पडली तो महिना. तो त्यांच्या लेखी दुखवट्याचा महिना आहे. "त्याच्यानंतर गाड्या झाल्याच नाहीत," ते सांगतात. "चाकं लावलेले कॉम्प्युटर झाले. बॉनेट उघडलं तर आत प्लॅस्टिकचं झाकण! माणसानं हात घालायचा कुठे?"

गेल्या दिवाळीत बंगळुरूच्या मुलानं त्यांना नवा स्टिरिओ आणून दिला. ब्लूटूथ, यूएसबी, रंग बदलणारे दिवे. जुना कॅसेट प्लेअर एका भावगीतांच्या कॅसेटची फीत खाऊन केव्हाच गतप्राण झाला होता. मुलाची अपेक्षा सरळ होती : तपकीर गल्लीत जायचं, दुकानदार बसवून देईल, त्याचे चार पैसे द्यायचे आणि गाणी ऐकत घरी यायचं. मुलं शहर सोडून गेली की बापाला विसरतात ती अशी.

आप्पांनी आधी खाच मोजली. स्टिरिओची खाच साधारण 7 इंच रुंद आणि 2 इंच उंच, हे माप कित्येक दशकं सगळ्या जगानं पाळलं आहे. त्यामुळे 2001 च्या गाडीत परवाचा स्टिरिओ बिनतक्रार बसतो. आजच्या जगाबद्दल आप्पांच्या तोंडून मी ऐकलेले एवढेच काय ते बरे उद्गार. मग त्यांनी मला हाक मारली. माझं पद बॅटरी धरणाऱ्याचं. हे काम सोपं वाटतं, पण जे कुणालाच कधी बरोबर जमत नाही असं जगात हे एकच काम आहे.

"इकडे मार. इकडे म्हणजे तिकडे नाही. माझ्या डोळ्यात कशाला मारतोस?"

जुना प्लेअर ओढून काढला आणि मागून वायरींचा जुडगा लोंबला. तीन जोड इन्सुलेशन टेपनं केलेले, त्या टेपचा डिंक वितळून चिकट झालेला. एका जोडावर एम-सीलचा गोळा. आणि सगळं मिळून एका गुलाबी नाडीनं गच्च आवळलेलं.

"हे कोणी केलंय?" आप्पा कडाडले. "माणूस आहे का कसाई? अरे, वायर आहे ही! गवताची पेंढी बांधल्यासारखी कोण बांधतं? ह्याला लायसन कुणी दिलं? ह्या असल्या लोकांमुळे देशात आगी लागतात."

काकू चहा घेऊन खाली आल्या होत्या. त्यांनी कप बॉनेटवर ठेवला, वाकून आत पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "ही माझ्या परकराची नाडी. 2008 साली घरभर शोधत होते."

आप्पा क्षणभर थांबले. मग म्हणाले, "बॅटरी सरळ धर रे."

स्टिरिओच्या मागे वायरी येतात त्यांचे रंग बहुतेक कंपन्या सारखेच ठेवतात. पिवळी थेट बॅटरीची. गाडी बंद असतानाही तिच्यात करंट असतो, त्यावर स्टिरिओ आपली स्टेशनं आणि घड्याळ लक्षात ठेवतो. लाल किल्लीवरची, किल्ली फिरवली की चालू, काढली की बंद. काळी अर्थिंगची. पांढरी, करडी, हिरवी, जांभळी या चार स्पीकरच्या जोड्या. हे सगळं खोक्यातल्या कागदावर चित्रासकट छापलेलं असतं. तो कागद आप्पांनी नीट घडी घालून चहाच्या कपाखाली ठेवला. सूचनापत्रक वाचणं म्हणजे त्यांच्या मते परीक्षेत कॉपी करणं.

पहिल्या फेरीत लाल-पिवळ्याची अदलाबदल झाली. गाणी वाजत होती, पण किल्ली काढली की स्टिरिओची पाटी कोरी. रोज सकाळी त्याला नव्यानं स्टेशनं शिकवायची. यावर उपाय म्हणून आप्पांनी दोन्ही वायरी एकत्र करून थेट बॅटरीला दिल्या. आता सगळं लक्षात राहू लागलं, फक्त स्टिरिओ रात्रभर जागा राहू लागला आणि सकाळी बॅटरी झोपलेली. गाडी हलकी, कशीबशी साडेसहाशे किलोंची, म्हणून धक्का मारायला वॉचमन, पेपरवाला आणि मी एवढे पुरायचो. "बघ, आजच्या गाड्यांना असा धक्का मारता येईल का?" आप्पा आतून अभिमानानं विचारायचे. धक्का मारणाऱ्याला श्वास पुरत नसल्यामुळे या प्रश्नाला कधी उत्तर मिळालं नाही.

मग शिट्टी आली. गाण्याच्या मागे एक बारीक शिट्टी. एक्सिलरेटर दाबला की वर चढायची, सोडला की उतरायची. हा अल्टरनेटरचा आवाज. अर्थिंग कच्चं असलं की तो स्पीकरमधून बाहेर पडतो. आप्पांनी डॅशबोर्डखालच्या पत्र्यावरचा रंग कानसेनं खरवडून काढला, उघड्या लोखंडाला काळी वायर स्क्रूनं आवळली आणि शिट्टी खरोखर थांबली. मी मनापासून वाहवा केली. हे काम गॅरेजमध्येसुद्धा इतकं नीट कुणी केलं नसतं. आप्पांच्या जातीची पंचाईत हीच आहे. ते सरसकट अडाणी असते तर लोकांनी त्यांना केव्हाच आवरलं असतं. दहातली तीन कामं ते उत्तम करतात आणि त्या तिनांच्या जोरावर उरलेली सात अंगावर घेतात.

एवढं झाल्यावर त्यांना आकाशवाणी पुणे हवं होतं. मीडियम वेव्ह, 792 किलोहर्ट्झ. सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या बातम्या तिथंच ऐकायच्या, हा त्यांचा उभ्या आयुष्याचा नेम. स्टिरिओत दिव्यांचे सात रंग होते, फोन उचलायची सोय होती, मीडियम वेव्ह नव्हती. आप्पांनी सगळी बटणं दाबून पाहिली. मग 101 वर विविध भारती लावली आणि तीन दिवस मुलाचा फोन घेतला नाही.

हीटरचं प्रकरण याच्या पुढचं. पुण्यात गाडीला हीटर कशाला, हा प्रश्न त्यांना विचारू नये. मी विचारला होता. उत्तर ताम्हिणी घाटातून सुरू झालं. पावसाळ्यात आतून काच धुकटते, फडक्यानं पुसली की फराटे उठतात आणि समोरून एसटी येत असते. अशा वेळी काचेवर गरम कोरडी हवा सोडली की काच लख्ख. मुद्दा बिनतोड होता. फक्त आप्पा ताम्हिणीला शेवटचे कधी गेले होते हे काकूंनाही आठवेना.

हीटर म्हणजे वेगळं काही यंत्र नसतं. इंजिनाचं तापलेलं पाणी डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरतं, मागून पंखा वारा घालतो, झालं. दांडी निळ्याकडून लालकडे सरकवली की केबलनं एक कॉक उघडतो आणि पाणी आत येतं. आप्पांच्या गाडीत दांडी लालवर नेली तरी गार वारा यायचा. नाना पेठेतल्या पार्टवाल्यानं सल्ला दिला, "काका, बायपास मारून टाका. दोन नळ्या एकमेकांना जोडा, कटकट संपली." कटकट संपवायचा सल्ला आप्पांना देणं म्हणजे वारकऱ्याला रिक्षा सुचवणं.

त्यांनी इंजिनापासून सुरुवात केली. थर्मोस्टॅटचं घर उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नाही. ही आपल्याकडची जुनी रीत आहे : गाडी तापते अशी तक्रार केली की मेकॅनिक थर्मोस्टॅट काढून फेकून देतो. त्या झडपेचं काम, पाणी 80 अंशांच्या वर जाईपर्यंत ते रेडिएटरकडे न सोडणं. ती गेली की इंजिन कधी पुरतं गरम होत नाही, पेट्रोल जास्त पितं आणि हीटर गार. "हे कोणी केलंय?" या वेळी आप्पांचा राग रास्त होता आणि नाडीही कुठे सापडली नाही.

मग सगळंच निघालं. सीटा गॅलरीत, डॅशबोर्ड जिन्याखाली, मोठा रेडिएटर नळाखाली, छोटा काकूंच्या बादलीत. कूलंटऐवजी कुणीतरी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलं होतं, म्हणून नळी लावल्यावर आतून चहाच्या रंगाचा गाळ आला. स्क्रू श्रीखंडाच्या डब्यात जमा होत होते. बादली काकूंनी परत घेतली नाही. नवा थर्मोस्टॅट बसला, कूलंट भरलं, तरी वारा गारच. नळ्यांत हवा अडकली होती. "गाडीला गॅस झालाय," आप्पांनी निदान केलं, गाडीचं नाक सोसायटीच्या उतारावर वर करून ठेवलं, रेडिएटरचं झाकण उघडून इंजिन चालू केलं आणि नळ्या दाबत बसले. बुडबुडे येत राहिले. मग थांबले. मे महिन्याच्या भर दुपारी आम्ही चौघं काचा वर करून आत बसलो आणि आप्पांनी दांडी लालवर नेली. दोन मिनिटांत माझा चष्मा घामानं घसरला. आप्पांच्या चेहऱ्यावर मात्र मुंजीतल्या बटूचं तेज होतं.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याला लग्न होतं. खंबाटकी घाट, पुढे ट्रकांची रांग, पहिला गिअर. अर्ध्या घाटात तापमानाचा काटा एचकडे सरकायला लागला. आप्पांनी एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि हीटर पूर्ण सोडला. हे शास्त्राला धरूनच आहे. इंजिनाची उष्णता हीटरवाटे बाहेर काढली की काटा खाली येतो. तसा तो आलाही. ती उष्णता आली कुठे, तर पुढच्या सीटवर, पैठणी नेसलेल्या काकूंच्या पायाशी. मागच्या सीटवर मी आणि आहेराचा कुकर. मे महिन्यात, खंबाटकीत, हीटर लावून जाणारी त्या दिवशी आमचीच एक गाडी असावी. स्टिरिओवर सनई चालू होती. शिट्टी अजिबात नव्हती.

घाट संपल्यावर एका टपरीवजा गॅरेजसमोर थांबलो. मिसरूड फुटलेल्या पोरानं बॉनेट उघडलं आणि पाच सेकंदांत दुखणं शोधलं. रेडिएटर धुवायला काढला तेव्हा त्याच्या पंख्याचा प्लग सोडवला होता, तो परत लावलेलाच नव्हता. पोरानं लोंबणारा प्लग दोन बोटांत धरला, आप्पांकडे पाहिलं आणि विचारलं, "हे कुणी केलंय?"

आप्पांनी मान हलवली. "पुण्यातला एक गॅरेजवाला," ते म्हणाले. "लुटतात हो मेले." काकू पदरानं वारा घेत राहिल्या, पण त्यांनी त्या पोराच्या हातावर आपल्या पर्समधून शंभराची नोट ठेवली आणि सुटे परत घेतले नाहीत.

गाडीचा प्लग आता जागेवर आहे. हीटर ठणठणीत आहे आणि त्यानंतर एकदाही लागलेला नाही. श्रीखंडाच्या डब्यात सात स्क्रू शिल्लक आहेत. कंपनी थोडे जादाच देते, असं आप्पा म्हणतात. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची आरटीओत पाच-पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदणी होते, तीही त्यांनी रांगेत उभं राहून, एजंट न घेता करून आणली आहे.

तुम्ही कधी आमच्याकडे आलात आणि तुमच्या गाडीचा कुठून कुरकुर आवाज येत असेल, तर गाडी गेटबाहेर लावा आणि चालत आत या. आप्पांनी काही विचारलंच, तर रिक्षानं आलो म्हणून सांगा.