मोठ्या एबीसीडीचा बंदोबस्त

वाचनालयाच्या पुस्तकयादीतला ‘शेरा’ हा रकाना सतत ओरडतो, अशी तक्रार कार्यकारिणीपुढे आली तेव्हा प्रस्तुत लेखकाने हात वर केला. ही त्याची जुनी खोड. उमेदीची वर्षे डेटाबेसच्या नोकरीत घालवल्यामुळे चार ओळींची क्वेरी लिहायची आणि समोरच्याचे डोळे विस्फारलेले पाहायचे, एवढे एकच व्यसन त्याला निवृत्तीनंतर परवडते. यादी इंग्रजी लिपीत आहे आणि ओरडणे म्हणजे शब्दच्या शब्द मोठ्या एबीसीडीत. (हा लेख देवनागरीत असल्याने नमुना छापता येत नाही. वाचकांनी आपापल्या मनात आवाज चढवावा.)

काम सोपे दिसते. रकान्यातला मजकूर ‘अपर’ या फंक्शनमधून काढला की सगळी अक्षरे मोठी होऊन येतात. मूळ मजकूर त्याच्याशी तंतोतंत जुळला, तर तो आधीपासूनच मोठ्या अक्षरांत होता. नवशिक्याची क्वेरी इथे संपते आणि मायएसक्यूएल त्याच्यापुढे झाडून सगळी पुस्तके आणून टाकते. तिथल्या नेहमीच्या कोलेशनच्या नावाला ‘सीआय’ अशी शेपटी असते, आणि ती असली की तुलनेत लहानमोठा हा भेदच उरत नाही. प्रस्तुत लेखक नवशिका नव्हे. त्याने ‘बायनरी’ हा शब्द योग्य जागी घातला, खुर्चीत मागे रेलला आणि बटण दाबले.

ओरडणारे आले. त्यांच्याबरोबर नंतरच्या ग्रंथपालबाईंनी देवनागरीत लिहिलेले सगळे सौम्य शेरेही आले. देवनागरीत मोठे-लहान अक्षर नाही, त्यामुळे ‘पान फाटले आहे’ हे वाक्य ‘अपर’मध्ये घातले तरी जसेच्या तसे बाहेर येते, आणि संगणकाच्या हिशेबी मराठी माणूस जन्मतःच आरडाओरडा करणारा ठरतो. निव्वळ टेलिफोन नंबर असलेले रकानेही याच न्यायाने अडकले. हे सगळे आपल्याला अपेक्षितच होते, असे प्रस्तुत लेखक आजही सांगतो. उपाय सरळ आहे: मजकूर स्वतःच्या लहान रूपापेक्षा वेगळा असला पाहिजे, अशी दुसरी अट घालायची. वाक्याच्या मध्येच एखादा शब्द ओरडत असेल तर रेग्युलर एक्स्प्रेशन लावायचे, ए ते झेडमधली दोन किंवा अधिक अक्षरे सलग, दोन्हीकडे शब्दाची हद्द. मायएसक्यूएलच्या आठव्या आवृत्तीत तिथेही ‘लहानमोठे पाहा’ असे एका अक्षराने बजावावे लागते.

क्वेरी देखणी झाली. फक्त तिच्यातले ‘सिलेक्ट’, ‘फ्रॉम’, ‘व्हेअर’ हे शब्द लेखकाने सवयीने मोठ्या एबीसीडीत ठोकले होते. एसक्यूएलला याची गरज नसते, लहान अक्षरांतले हुकूमही ती निमूट पाळते. पण ओरडून सांगितल्याशिवाय आपले कुणी ऐकेल, हा विश्वास लेखकाला घरातही नाही.

जाळ्यात बरेच निरपराध सापडले. एलआयसी, इस्रो, एसटी यांना मोठ्या अक्षरांत राहण्याचा हक्कच आहे. ओरॅकल आणि पोस्टग्रेस यांच्याकडे ‘इनिटकॅप’ नावाचे फंक्शन आहे, ते प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे ठेवून बाकीची लहान करते. त्याच्या तावडीत इस्रो सापडली की ती एखाद्या मुलीच्या नावासारखी दिसू लागते. मायएसक्यूएलमध्ये हे फंक्शन नाही, तेवढेच एक बरे.

आणि मग ‘दाते’ आले.

शेरा इंग्रजीत होता: ‘आस्क दाते बिफोर इश्यू’. की ‘आस्क डेट बिफोर इश्यू’? पुस्तक देण्याआधी तारीख विचारायची, की दातेसाहेबांना? नेहमीच्या लिखाणात हा घोळ होत नाही, वाक्याच्या मध्ये मोठे ‘डी’ दिसले की माणूस आणि लहान दिसले की तारीख. सगळीच अक्षरे मोठी केली की दाते तारखेत विरघळतात. इथे प्रस्तुत लेखकाला राहवत नाही, कारण हा त्याचा आवडता विषय आहे. डेटाबेसमध्ये ‘डेट’ हा डेटाचा एक अधिकृत प्रकार आहे. एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेलचा निबंध लिहिला, आणि ते मॉडेल पुढे पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना ज्यांच्या जाडजूड पाठ्यपुस्तकातून शिकावे लागले, त्या लेखकांचे नाव सी. जे. डेट. आडनावच डेट! इकडे महाराष्ट्रात तिथीवार कुणाला विचारायचे, तर सोलापूरच्या दाते पंचांगाला. आणि त्या दात्यांचे स्पेलिंग काय? म्हणजे तिकडचा डेट तारखा साठवायच्या कशा ते शिकवतो आणि इकडचा दाते त्या तारखांना काय करावे ते सांगतो. दोघांची लग्नपत्रिका एकाच रकान्यात बसेल. हा विनोद लेखकाने नोकरीत असताना परदेशी सहकाऱ्यांना ऐकवला, त्यांना सोलापूर ठाऊक नव्हते. सोलापूरच्या मेहुण्याला ऐकवला, त्याला डेट ठाऊक नव्हते. दोन्ही ठाऊक असणारा श्रोता अजून भेटायचा आहे, आणि तोवर हा विनोद लेखकाच्या मते काळाच्या पुढे आहे.

असो. हे शेरे लिहिले कुणी?

तारखात्यातून निवृत्त होऊन वाचनालयात बिनपगारी बसणाऱ्या काकांनी. लेखक त्यांच्याकडे गेला तो संगणकावरचे शिष्टाचार समजावून द्यायला. काकांनी ऐकून घेतले.

“अहो लेखक, आमच्या मशीनला छोटी एबीसीडी होतीच कुठे?”

नव्हतीच. टेलिप्रिंटरचा संकेत पाच बिटांचा, म्हणजे जागा बत्तीस. त्यात सव्वीस अक्षरे एकदाच मावली, आकड्यांसाठी तर कळ फिरवून त्याच जागा दुसऱ्यांदा वापरायच्या. लहान अक्षरांना उभे राहायलाही जागा नव्हती. संगणकांसाठी १९६३ साली आस्की हा संकेत ठरला, त्यातसुद्धा आधी मोठीच अक्षरे होती. लहान आली ती १९६७च्या सुधारणेत. मोठे ‘ए’ पासष्टावर आणि छोटे ‘ए’ सत्त्याण्णववर, मध्ये बरोबर बत्तीसचे अंतर. अमेरिकेची नॅशनल वेदर सर्व्हिस आपले हवामानाचे अंदाज टेलिप्रिंटरच्या जमान्यापासून मोठ्या अक्षरांत काढत आली, आणि ती सवय मोडायला ११ मे २०१६पासून सुरुवात झाली. आपल्याकडे शेवटच्या तारा १४ जुलै २०१३ रोजी घेतल्या गेल्या. काकांनी त्याच्या किती तरी आधी खाते सोडले होते, पण बोटांनी सोडले नव्हते. “कॅप्स लॉकचा दिवा दिसला नाही, की मला लाइन बंद आहे असं वाटतं,” ते म्हणाले.

तारेच्या वळणाचे ते शेरे लेखकाने मग नीट वाचले. ‘पेजेस टोर्न स्टॉप मेंबर इन्फॉर्म्ड स्टॉप’. शब्दाला पैसे पडत असल्यासारखे काटकसरीचे. आणि अधूनमधून: ‘मेंबर एक्स्पायर्ड स्टॉप वाइफ विल रिटर्न बुक स्टॉप नो फाइन स्टॉप डू नॉट सेंड नोटीस’.

असे बरेच होते. कुणी सांगितले नसताना काका वर्तमानपत्रातले निधनवृत्त पाहून ते लिहीत असत. वाचनालयाची संगणकप्रणाली शेऱ्याचा रकाना वाचत नाही. ती ठरल्या दिवशी ‘डिअर मेंबर’ अशी लहानमोठी अक्षरे अगदी जागच्या जागी असलेली, स्वल्पविरामासकट सुबक पत्रे गेलेल्या माणसांच्या नावाने काढते आणि दंड मागते. ती पत्रे टपालाच्या गठ्ठ्यातून काढून फाडायचे काम काका इतकी वर्षे हाताने करीत होते. कार्यकारिणीला त्या पत्रांची तक्रार कधी करावीशी वाटली नाही. तक्रार आली ती काकांच्या अक्षरांच्या आकाराची, आणि ती निवारायला जो उत्साहाने धावला त्याचे वर्णन वर येऊन गेले आहे.

लेखकाने शेऱ्यांना हात लावायचा नाही असे ठरवले. ‘एक्स्पायर्ड’ हा शब्द शेऱ्यात असेल तर पत्र काढू नये, एवढी सोय मात्र केली. त्यासाठी तीच क्वेरी कामी आली. या निःस्वार्थ निर्णयाला एक अपवाद झाला.

यादी खाली सरकवताना लेखकाला स्वतःचे नाव दिसले. पु. ल., व. पु., जी. ए. यांच्या पंगतीत आपणही आद्याक्षरांनी ओळखले जावे, ही त्याची गुप्त इच्छा काकांच्या हातून पुरी झाली होती: पूर्ण नाव टाळून नुसती आद्याक्षरे आणि आडनाव, सगळे मोठ्या एबीसीडीत. लेखकाला गहिवरून आले. मग त्याने उजवीकडच्या रकान्यात पाहिले. पहिली प्रत, ‘डोनेटेड बाय ऑथर’. दुसरी प्रत, ‘डोनेटेड बाय ऑथर’. तिसरीवर ‘डोनेटेड बाय ऑथर अगेन स्टॉप नेव्हर इश्यूड स्टॉप काइंडली इन्फॉर्म ऑथर’.

एवढ्या तीन ओळी त्याने ‘लोअर’ फंक्शन लावून लहान अक्षरांत करून घेतल्या. आता त्या सहसा कुणाच्या नजरेला पडत नाहीत. पुस्तक तर आधीही पडत नव्हते.